बंद रोलर कोस्टरला भंगार म्हणू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

काल रविवारच्या पुरवणीत हाँगकाँगच्या ड्रॅगन सेंटर या मॉलमधल्या बंद रोलर कोस्टरवरचा लेख वाचला. रात्री झोपण्यापूर्वी पुन्हा वाचला आणि सकाळी चहा व्हायच्या आत हे पत्र लिहायला बसलो. 'छताला लटकलेलं भुताटकीचं भंगार' हे शीर्षक कुणाला सुचलं? लेखकमहाशय स्वतःच लिहितात की तिथे त्यांनी पाच मिनिटं काढली. मी २०१७ साली तिथे दोन तास होतो, म्हणून बोलण्याचा थोडा अधिकार समजतो.

तीस वर्षं मी कारखान्यात क्रेन आणि कन्व्हेयरच्या देखभालीचं काम केलं. हाँगकाँगला गेलो तेव्हा बाकीचे बंदर बघायला गेले. मी सौ.ना घेऊन तिथल्या शाम शुई पो या भागात उतरलो. आप लिऊ स्ट्रीटवरचा सुट्या भागांचा बाजार मला बघायचा होता. उन्हाने हैराण झालो, म्हणून जवळच्या ड्रॅगन सेंटरमध्ये शिरलो. १९९४ साली उघडलेली ही नऊ मजल्यांची इमारत. सरकत्या जिन्यांनी चढत चढत वर पोचलो, खाण्याच्या टेबलापाशी टेकलो, मान वर केली आणि थक्क झालो. डोक्यावरून रूळ गेलेले! माणसं खाली जेवताहेत, आणि वर छताखालून वळण घेत 'स्काय ट्रेन'चा, म्हणजे त्याच बंद रोलर कोस्टरचा, मार्ग मॉलच्या मधल्या मोकळ्या पोकळीवर निघालेला.

चालू रोलर कोस्टरमध्ये बसलेल्या माणसाला काहीच दिसत नाही. डोळे मिटलेले, हात दांडीला आवळलेले. बंद पडलेल्या गाडीचा मार्ग मात्र निवांत बघता येतो. वळणावर रूळ आतल्या बाजूला किती कलवलाय, आधार कुठे दाट आहेत, कुठे विरळ. गाडी वळणावर बाहेर फेकली जायला बघते, तो सगळा जोर आधारावर येतो आणि तिथून इमारतीच्या सांगाड्यात उतरतो. मैदानातल्या कोस्टरला स्वतःचा पाया असतो. इथे दुकानं, माणसं, जिने हे सगळं ज्या सांगाड्यावर उभं, त्याच्यावरच हे वजन टांगायचं. हे ज्यांनी आखलं आणि उभं केलं, त्यांच्या कामाला 'भंगार' हा शब्द? मला तो फार लागला.

'तिथल्या लोकांना त्याचं सोयरसुतक नाही' हे वाक्य तर धादांत खोटं आहे. आमच्या शेजारच्या टेबलावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. मी बराच वेळ वर बघतोय हे त्यांनी पाहिलं. भाषेची अडचण होतीच. त्यांनी जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या, हाताचा पंजा आडवा धरला आणि हवेत वर नेला, हळूहळू, थांबत थांबत. मग एकदम खाली सोडला, वळवला, परत वर. आणि शेवटी दोन्ही हातांनी कान झाकून मनापासून हसले. मीही हसलो. मला लगेच समजलं. अशी गाडी साखळीने चढावर जाते तेव्हा मागे घसरू नये म्हणून खालचा खटका दात्यादात्यावर पडत जातो, टक टक टक टक. उघड्या मैदानात तो आवाज विरून जातो. बंद छताखाली, चार भिंतींत, वर माणसांच्या किंकाळ्या! ज्याने तो ऐकलाय तोच असे कान झाकेल. त्या गृहस्थांनी गाडीचा अख्खा फेरा मला टेबलावर बसून दाखवला. आपल्या लेखकांनी शेजारच्या एकाही माणसाकडे बघितलं नाही, आणि लोकांना पर्वा नाही म्हणून मोकळे झाले.

सौ. म्हणाल्या, अहो, दोन तास झाले. मला तर वीस मिनिटं वाटली होती.

आता चौकटीबद्दल. 'मॉलमधले आणखी थरार' म्हणून जी चौकट छापलीत, तीत कॅनडातल्या वेस्ट एडमंटन मॉलच्या 'माइंडबेंडर'चं कौतुक तेवढं आहे. १४ जून १९८६ रोजी त्या गाडीच्या शेवटच्या डब्याचा चाकांचा संच निखळला, डबा काँक्रीटच्या खांबावर आदळला आणि तीन माणसं गेली. चौथा कसाबसा वाचला. देखभालीच्या कामात आयुष्य घालवलेल्या माणसाला ही तारीख विसरता येत नाही. बोल्ट वेळेवर तपासणं म्हणजे काय, ते त्या तारखेने शिकवलं. पुढे ती गाडी पुष्कळ वर्षं चालली आणि २०२३ मध्ये कायमची थांबवली. यातलं काहीच तुमच्या चौकटीत नाही. भुताच्या गोष्टीला अर्धं पान मिळतं, आणि खरोखर मेलेल्या तीन माणसांना एक ओळही नाही?

आणखी एक. लेखासोबतचा फोटो ड्रॅगन सेंटरचा नाहीच. त्यात गाडी उलटी होऊन पूर्ण गोल फिरताना दिसते. स्काय ट्रेनच्या मार्गात असा उलटा गोल नव्हता, तो मी दोन तास डोळ्यांनी निरखलाय. माझ्या अंदाजाने तो फोटो क्वालालंपूरच्या बर्जाया टाइम्स स्क्वेअरमधल्या कोस्टरचा असावा. देश वेगळा, इमारत वेगळी. पुरवणीत फोटो चुकण्याची ही पहिली वेळ नाही, मागेही मी कळवलं होतं. उत्तर आलं नाही.

लेखकांनी तिथे पुन्हा जावं आणि टेबलापाशी तासभर बसावं, ही कळकळीची विनंती. फोटोची दुरुस्ती मात्र येत्या रविवारी, त्याच पानावर, दिसेल अशा अक्षरांत छापावी.

आपला,
एक जुना वाचक
(निवृत्त देखभाल फिटर)