श्रद्धेविषयीच्या संशयाला उत्तरे पुरवू नका

प्रति,
माननीय संपादक,

स. न. वि. वि.

आस्तिक-नास्तिक वादावरील लेख आणि पत्रे मी पुष्कळ वर्षे वाचत आले आहे. असे लेखन वाचणाऱ्यांत काही माणसे अशी असतात की त्यांना त्यातला प्रत्येक युक्तिवाद रात्र रात्र जागवतो. त्या माणसांत मी सुमारे सहा वर्षे होते, आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे पत्र लिहीत आहे.

मी बावीस वर्षांची असताना एकदा प्रार्थना करता करता मनात आले, 'हे ऐकणारे कोणी नसेलच तर?' असा विचार कोणालाही शिवतो आणि बहुतेकांच्या मनातून आला तसा निघून जातो. माझ्या मनात मात्र तो रुतून बसला. प्रार्थनेच्या मध्ये तो डोकावला की ती बाद धरून मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करीत असे, त्यामुळे दहा मिनिटांच्या प्रार्थनेला दोन-दोन तास लागत. ईश्वराच्या बाजूचे युक्तिवाद वाचले की घटकाभर हायसे वाटे. पण लगेच दुसरी बाजू न वाचणे हा अप्रामाणिकपणा आहे असे वाटून तीही वाचावी लागे. दिवसातून कितीतरी वेळा मी 'या क्षणी माझा विश्वास आहे का?' असे स्वतःचे मन चाचपून पाहत असे. कोणतीही भावना अशी सारखी तपासत राहिले की ती हाताला लागेनाशी होते, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. ती सापडली नाही की आपण नास्तिक झालो, या भीतीने छातीत धडधडू लागे.

यावरून नास्तिक असणे भयंकर आहे असे कोणी समजू नये. पुढे उपचारांच्या काळात मला एक गृहस्थ भेटले. ते विचारपूर्वक नास्तिक झालेले होते आणि त्यांचा छळ नेमका उलट्या दिशेने चालला होता: 'माझे चुकत असेल आणि मृत्यूनंतर शिक्षा असेल तर?' आमची मते परस्परविरुद्ध होती, पण आजार एकच होता. त्याला ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर, म्हणजेच ओसीडी, म्हणतात. आपल्याकडे मंत्रचळ हा शब्द पूर्वीपासून आहे. दर शंभरांतल्या दोन-तीन जणांना आयुष्यात कधी ना कधी तो गाठतो. कोणाचा हात धुणे संपत नाही, कोणाचे कुलूप तपासणे संपत नाही, आणि आमच्यासारख्यांचे श्रद्धा तपासणे संपत नाही.

प्रामाणिक शंका आणि हा आजार यांतला फरक घरच्यांना ओळखता येतो, असे मला अनुभवाने वाटते. प्रामाणिक शंका घेणाऱ्याला प्रश्नात रस असतो, तो बाजूला ठेवून त्याला शांत झोप लागते, आणि चांगले उत्तर मिळाले की त्याचा विचार पुढे सरकतो. आजाराचा प्रश्न जागचा हलत नाही. त्याला उत्तर आत्ताच्या आत्ता आणि शंभर टक्के खात्रीचे हवे असते. माझा थोरला भाऊ अत्यंत मायेने मला समजावीत असे. तासाभराने मी तोच प्रश्न किंचित वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारी, आणि तो बिचारा पुन्हा समजावी. त्याची माया खरी होती, परंतु त्या प्रत्येक उत्तराने माझ्या मनाला एवढेच शिकवले, की हा प्रश्न खरोखर धोक्याचा आहे आणि दिलासा मिळाल्याशिवाय आपण तग धरू शकत नाही.

ही गोष्ट नवी नाही. जेझुइट या कॅथलिक ख्रिस्ती धर्मसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला १५२२ मध्ये स्पेनमधील मानरेसा येथे असताना धर्मगुरूंपुढे आपल्या जुन्या पापांची कबुली पुन्हा पुन्हा देत आणि तरी काहीतरी राहून गेले या शंकेने हैराण होत, इतके की जीव देण्याचे विचार त्यांच्या मनात येऊ लागले. जे स्पष्ट आठवते तेवढेच सांगावे, असे धर्मगुरूंनी बजावले, तर त्यांना सगळेच स्पष्ट आठवत असे! अखेर मागच्या पापांची कबुली यापुढे द्यायचीच नाही असे त्यांनी ठरवले, तेव्हा त्यांची सुटका झाली. सुमारे साडेचार शतकांनंतर, १९६६ मध्ये, व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञाने दोन रुग्णांवर याच दिशेचा उपचार करून दाखवला: भीती वाटते त्या गोष्टीला सामोरे जायचे आणि नेहमीची सुटकेची कृती करायची नाही. आजची एक्स्पोझर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन ही उपचारपद्धती त्यातूनच विकसित झाली.

माझ्या समुपदेशकांनी मला एक वाक्य लिहून रोज वाचायला लावले: 'मी उद्या नास्तिक असेन किंवा नसेन, ते मला आज कळणार नाही.' वाचून झाल्यावर प्रार्थना करायची नाही, पुस्तक उघडायचे नाही, भावाला विचारायचे नाही. पहिल्या आठवड्यात मी थरथरत बसत असे. विचार दाबायचा नाही हेही त्यांनी शिकवले, कारण दाबलेला विचार अधिक जोराने परत येतो. जोडीला मनोविकारतज्ज्ञांनी एसएसआरआय गटातील, म्हणजे मेंदूतील सेरोटोनिन या रसायनावर परिणाम करणारे, औषध दिले. या आजारात त्याचा परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागू शकतात, आणि पुष्कळ जण त्याआधीच गोळ्या सोडून देतात याचे मला फार वाईट वाटते.

धर्मोपदेशकांना आणि विवेकवादी कार्यकर्त्यांना माझी सारखीच विनंती आहे. एकच माणूस तोच प्रश्न घेऊन पाचव्यांदा आला तर त्याची श्रद्धा दुबळी आहे असे म्हणू नका, आणि ही बुद्धी जागी झाल्याची खूण आहे असेही म्हणू नका. त्याला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवा. घरच्यांनी उत्तर देणे एकाएकी बंद केले तर रुग्णाला टाकून दिल्यासारखे वाटते, म्हणून ते आधी त्याच्याशी बोलून ठरवावे. माझ्या भावाने तसेच केले. मी विचारले की तो म्हणे, "याचे उत्तर मी देणार नाही, पण तुझ्याजवळ बसतो." आणि तो खरोखरच बसून राहत असे, कधी कधी पहाटेपर्यंत.

(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)

आपली विश्वासू,
एक वाचक