चि. मुक्तास, एलएल.एम.च्या पैशांबद्दल

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

रविवारी पैशांवरून बोलता बोलता तू चिडून फोन ठेवलास आणि बाबा म्हणाले, "आता तिला दोन-चार दिवस काही बोलू नकोस." मी बोलले नाही. पण मनात साचलेलं काही जात नाही, म्हणून लिहायला बसले. एका दमात वाचलंच पाहिजेस असं नाही.

"आई, तुला सगळीकडे आकडेच दिसतात," म्हणालीस. दिसतात खरे. सगळी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात गेली. पण न्यूयॉर्कच्या विद्यापीठात एलएल.एम.ला, म्हणजे कायद्याच्या मास्टर्सला, प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं त्या संध्याकाळी मला त्यात एकही आकडा दिसला नव्हता. बाबांनी ते छापून आणलं आणि माईंना मोठ्याने वाचून दाखवलं. एलएल.एम. म्हणजे काय हे माईंनी विचारलंसुद्धा नाही. "हिच्या पणजोबांना कोर्टाची पायरी चढायची भीती वाटायची," एवढंच म्हणाल्या आणि डोळे पुसत बसल्या. हे तुला फोनवर सांगायचं होतं, पण बोलणं भलतीकडेच गेलं.

या पत्रात कर्जाचा विषय काढायचा नाही असं ठरवलं आहे. मी फक्त त्या अ‍ॅवॉर्ड लेटरबद्दल, विद्यापीठाच्या आर्थिक मदतीच्या पत्राबद्दल लिहिते, कारण तू ते आनंदाच्या भरात वाचलंस असं मला वाटतं.

त्यात लिहिलं आहे की तुला ट्यूशनच्या, म्हणजे शिकवण्याच्या फीच्या, निम्मी ग्रँट मिळेल, ती परत करायची नसते. तू म्हणालीस, "निम्मा खर्च सुटला." मुक्ता, निम्मा खर्च सुटलेला नाही, निम्मी ट्यूशन सुटली आहे. अमेरिकेतल्या मोठ्या लॉ स्कूलांची एलएल.एम.ची वर्षाची ट्यूशनच आता ७० हजार डॉलरांच्या वर गेली आहे. पण त्यांच्याच वेबसाइटवर पूर्ण वर्षाचं जे बजेट असतं त्यात आरोग्य विमा, राहणं, जेवण, पुस्तकं, वेगवेगळ्या फिया असं सगळं धरलेलं असतं आणि ग्रँट यातल्या कशालाही हात लावत नाही. व्हिसासाठी लागणारा आय-२० हा फॉर्म देताना विद्यापीठ तुझ्याकडे त्या संपूर्ण बजेटमधल्या उरलेल्या रकमेचा पुरावा मागेल. म्हणून बजेटची एकूण रक्कम वर लिही, त्यातून फक्त परत न करायचे पैसे वजा कर, आणि खाली काय उरतं ते बघ. पत्रात 'ग्रँट', फीमाफीचा 'वेव्हर', राहण्या-जेवणाच्या खर्चाचा 'स्टायपेंड' आणि 'लोन' एकाखाली एक मांडलेले असले की सगळी बेरीज मदतीचीच वाटते. आपल्याकडेही तसंच असतं. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये सुरू केलेली जे. एन. टाटा एन्डोमेंट इतक्या पिढ्यांना परदेशी पाठवत आली, पण ती मुळात कर्जाऊ शिष्यवृत्ती आहे, ती फेडायची असते. ती चांगलीच आहे, तिला अर्ज करच. फक्त वजाबाकीत तिला ग्रँटच्या बाजूला धरू नकोस.

आणखी एक. पुढे कुठे स्टायपेंड मिळालाच, तर अमेरिकेत ट्यूशनला लागलेल्या शिष्यवृत्तीवर कर नसतो, पण राहण्या-जेवणासाठी दिलेल्या भागावर असतो. विद्यार्थ्यांच्या एफ किंवा जे व्हिसावर असलेल्यांच्या त्या भागातून सहसा १४ टक्के आधीच कापून घेतात. हातात येणारी रक्कम पत्रातल्या रकमेपेक्षा कमी असते.

आता ज्यावरून तू खरी चिडलीस ते. आर्थिक मदतीच्या फॉर्ममध्ये आई-वडिलांच्या उत्पन्नाचा रकाना तू रिकामा ठेवलास. "मी कमावते, मी सज्ञान आहे, त्यांच्या पेन्शनशी याचा काय संबंध?" मला तुझा राग कळतो. तू कॉलेजात असल्यापासून आमच्याकडून पैसे घेताना तुझा आवाज बारीक होतो, हे मी बघत आले आहे. पण हार्वर्ड आणि येलसारख्या ठिकाणी एलएल.एम.ची मदत गुणांवर देतच नाहीत. प्रवेश गुणांवर, आणि पैसे गरज बघून. गरज दाखवायची तर घरातलं सगळं दाखवावं लागतं. तुझ्या त्या विद्यापीठाचंही तसंच दिसतं. रिकामा रकाना बघून तिथला माणूस तुला स्वाभिमानी म्हणणार नाही, तो अर्ज अपुरा धरेल नाहीतर घरी भरपूर आहे असं समजेल.

ऑक्सफर्डमध्ये कायदा शिकलेली पहिली बाई, कॉर्नेलिया सोराबजी, तुला माझ्याहून चांगली माहीत आहे. नाशिकला जन्मलेली, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पहिली आलेली. इंग्लंडला जायची सरकारी शिष्यवृत्ती तिच्या हक्काची होती, ती केवळ बाई म्हणून नाकारली. मग इंग्लंडमधल्या लोकांनी वर्गणी करून पैसे उभे केले, त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या. त्या पैशांवर ती १८८९ मध्ये ऑक्सफर्डला गेली आणि १८९२ मध्ये बी.सी.एल. या कायद्याच्या पदवीच्या परीक्षेला बसली. पदवी हातात पडायला १९२२ उजाडलं. वर्गणीचे पैसे घेताना तिला कसं वाटलं असेल, हा विचार मी या आठवड्यात पुष्कळदा केला. तिने घेतले. तुला तर कुणापुढे हात पसरायचा नाही, फॉर्म भरायचा आहे.

बघ, लागलेच मी व्याख्यान द्यायला. ओंकार म्हणतो तसं, आईने एक वाक्य सुरू केलं की त्याला व्याज लागतं. माफ कर.

तू अशिलाला मिळवून दिलेला पहिला जामीन आठवतो का? तू रात्री फोन केला होतास, मला वाटलं आनंदाने, आणि तू रडत होतीस. कोर्टाने जामीन दिला होता, पण त्या माणसासाठी उभा राहायला जामीनदार नव्हता. रक्कम किरकोळ होती. आदेश हातात असून तो आतच राहिला. तू म्हणालीस, "आई, त्याला कायद्याने सोडलंय आणि पैशाने धरून ठेवलंय." मी त्या रात्री झोपले नाही. बाबांना उठवलं आणि तुझं वाक्य सांगितलं. तू कॉर्पोरेट फर्मची ऑफर सोडलीस तेव्हा मी तुझ्याशी भांडले होते, पण त्या रात्रीनंतर पुन्हा कधी भांडले नाही. एलएल.एम. सुद्धा तू त्याच कामासाठी करते आहेस, कच्च्या कैद्यांसाठी, हे तुझ्या निबंधात इतकं स्वच्छ आलं आहे की माईंनाही समजलं असतं.

म्हणून मग कर्ज. लिहायचं नव्हतं, पण लिहिते.

शैक्षणिक कर्जाला साधारण कोर्सभर आणि पुढे एक वर्ष हप्ता नसतो. मुलांना वाटतं तोवर काही चालू होत नाही. व्याज पहिल्या रकमेपासूनच चालू होतं. तुझा कोर्स एका वर्षाचा. म्हणजे पदवी घेतल्यावर वर्षभरात हप्ता दारात उभा. एलएल.एम.नंतर ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या कामाच्या परवान्यावर, अमेरिकेत काम करायला मिळतं १२ महिने. त्यातला सुरुवातीचा काळ न्यूयॉर्कच्या बार परीक्षेत, वकिलीच्या सनदेच्या परीक्षेत जाईल, ती जुलैत असते, आणि निकालाची वाट बघावी लागते. डॉलरमधल्या खर्चाचं एवढं कर्ज फेडता येईल असा पगार कोण देतं? मोठ्या फर्म देतात, आणि त्या एलएल.एम.वाल्यांपैकी मोजक्यांनाच घेतात. तुरुंगातल्या माणसांसाठी काम करणाऱ्या संस्था असा पगार देऊ शकत नाहीत, तिथेही नाही आणि इथेही नाही. तू म्हणालीस, लोकहिताचं काम करणाऱ्यांना लॉ स्कूल कर्ज फेडायला मदत करतं. मी ओंकारकडून वाचून घेतलं. त्या योजना मुख्यतः तीन वर्षांच्या जे.डी.साठी, तिथल्या कायद्याच्या मूळ पदवीसाठी आखलेल्या असतात. तुझ्या विद्यापीठाची एलएल.एम.ला लागू आहे का, हे त्यांच्याकडून लेखी घे. अमेरिकेची सरकारी कर्जंही त्यांच्या नागरिकांना आणि काही ठरावीक इतरांनाच मिळतात, तू त्यात बसत नाहीस.

माझी भीती एवढीच आहे की तू काय काम करायचं हे तो हप्ता ठरवेल. तू दोन वर्षं म्हणून फर्ममध्ये जाशील, मग पाच होतील. बँकेत माझ्या टेबलासमोर अशी कितीतरी मुलं बसली, हुशार, नेक. कर्ज त्यांनी वेळेवर फेडलं. पण खातं बंद करायला आली तेव्हा ज्यासाठी घेतलं होतं त्याबद्दल कुणी बोलत नसे. मी विचारत असे, म्हणून ठाऊक आहे.

तू म्हणशील, बाबासाहेबांनी काय काय सोसून शिक्षण घेतलं, आणि मी हप्त्याला भ्यायचं? त्यांचंच बघ. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीरावांची शिष्यवृत्ती मिळाली, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात दहा वर्षं संस्थानची नोकरी करायचा करार होता. कोलंबिया झालं, लंडनला बॅरिस्टर घडवणाऱ्या ग्रेज इनमध्ये नाव घातलं, आणि १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपली म्हणून बॅरिस्टरी अर्धी टाकून परतावं लागलं. करारापोटी बडोद्याला रुजू झाले, तर त्या गावात त्यांना राहायला कुणी जागा दिली नाही. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले. शाहू महाराजांची मदत, एका पारशी मित्राचे उसने पैसे, असं करत १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं आणि राहिलेलं सगळं पुरं केलं. मी त्यांचं चरित्र तरुणपणी वाचलं तेव्हा पदव्या मोजल्या होत्या. आता वाचते तेव्हा मला महिन्याचे पौंड आणि कराराची वर्षं दिसतात. एवढ्या मोठ्या माणसाचाही मार्ग शिष्यवृत्तीच्या अटींनी वळवला. म्हणून अटी वाच म्हणते.

चेव्हनिंगचा निकाल यायचा आहे आणि तू त्याबद्दल बोलतच नाहीस. मुलाखत चांगली झाली असं तूच सांगितलं होतंस. ब्रिटिश सरकारची ती शिष्यवृत्ती ब्रिटनमध्ये शिकायची फी देते, महिन्याचा खर्च देते, जाण्यायेण्याचं भाडं देते. तुला तिची एकच अट खटकते, कोर्सनंतर दोन वर्षं मायदेशी परत यायची. अमेरिकेच्या फुलब्राइट शिष्यवृत्तीवाल्यांनाही जे-१ व्हिसामुळे तशीच दोन वर्षांची अट असते. तुला ती बेडी वाटते. मला ती अट आवडते. आणि का आवडते हे लिहिताना मला संकोच वाटतो, कारण त्यात तुझं हित किती आणि माझं म्हातारपण किती हे मला वेगळं काढता येत नाही. माईंचं ऑपरेशन झाल्यापासून बाबा रात्री उठून दाराची कडी तपासतात. ते जाऊ दे. पण ज्या कैद्यांसाठी तू शिकायला चालली आहेस ते इथल्याच तुरुंगांत आहेत, हेही खरं आहे ना?

न्यूयॉर्कची जागा राखायला भरायच्या डिपॉझिटची तारीख चेव्हनिंगच्या निकालाच्या आधी येते, ही खरी अडचण आहे. त्यावर कर्ज हा पहिला उपाय नव्हे. विद्यापीठाच्या आर्थिक मदत कार्यालयाला सरळ पत्र लिही. दुसऱ्या शिष्यवृत्तीचा निकाल बाकी आहे, डिपॉझिटला मुदत वाढवून मिळेल का, असं विचार. कुटुंबाच्या उत्पन्नाची पूर्ण माहिती आता जोडते आहे, ग्रँटचा फेरविचार कराल का, असंही विचार. माईंच्या ऑपरेशनचा खर्च त्यात लिही, लाजू नकोस, त्यासाठीच तो रकाना असतो. प्रवेश एक वर्ष पुढे ढकलला तर ग्रँट टिकते की नव्याने अर्ज करावा लागतो, हेही विचार, कारण बऱ्याच ठिकाणी ती टिकत नाही. आणि बाहेरची फेलोशिप मिळाली तर ते आपली ग्रँट तेवढी कमी करतात का, हे आधी कळलेलं बरं. उत्तरं ईमेलवर घे, फोनवर नको. यातलं काही विचारल्याने प्रवेश जात नाही. ज्या लोकांनी तुला निवडलं त्यांना तू यायला हवीच आहेस.

माझी आणि बाबांची आयकर विवरणपत्रं ओंकारने स्कॅन करून तुला पाठवली आहेत. पेन्शनचा दाखला सोमवारी मिळेल. रकाना भर.

एवढं सगळं होऊन त्यांनी नाही म्हटलं, चेव्हनिंगही झालं नाही, आणि तरी तुला न्यूयॉर्कच हवं असेल, तर एवढ्या रकमेला बँक बहुधा तारण मागेल. घराचे कागद कपाटात आहेत, ते माझ्या नावावर आहेत, मी देईन. सहकर्जदार म्हणून सहीसुद्धा मीच करीन. फक्त बाबांना कुठल्याही कागदावर सही करायला सांगू नकोस. अण्णाकाकांच्या प्रकरणानंतर त्यांचा हात थरथरतो, आणि तुझ्यासाठी ते नाही म्हणणार नाहीत.

तुझी,
आई

ता. क. विद्यापीठाला लिहिलेलं पत्र पाठवण्याआधी मला वाचायला पाठवलंस तर बरं वाटेल. नाही पाठवलंस तरी चालेल. आणि हप्ता किती बसेल याचा हिशेब मी वेगळ्या कागदावर करून ठेवला आहे, तू मागशील तेव्हाच देईन.