स्पाचा उशीर, पाण्याचे फवारे आणि सेफ्टी कारमागच्या चार फेऱ्या

संपादक महोदय,

बेल्जियममधील स्पा-फ्रँकोरशाँ सर्किटवर २७ जुलै २०२५ ची फॉर्म्युला वन शर्यत पावसामुळे १ तास २० मिनिटे उशिरा सुरू झाली. तेव्हापासून 'हल्लीचे चालक पावसाला घाबरतात' हे पालुपद सुरू आहे. शर्यत आधी सुरू करता आली असती, असे रेड बुल संघाचा चालक मॅक्स व्हर्स्टापेननेही बोलून दाखवले. त्याचे मत उडवून लावू नये, पण तो कोणत्या गाडीत बसला होता तेही पाहावे. त्याच्या संघाने पाऊस गृहीत धरून मागचा पंख (गाडीला रस्त्यावर दाबून धरणारी आडवी पट्टी) मोठा ठेवला होता. क्वालिफायिंगनंतर, म्हणजे सुरुवातीचे क्रम ठरवणाऱ्या फेऱ्यांनंतर, पुढच्या पंखाची पट्टी थोडी खालीवर करता येते, मागचा पंख बदलता येत नाही. रस्ता वाळला की हाच पंख स्पाच्या केमेल नावाच्या लांब सरळ पट्ट्यावर गाडीला मागे खेचतो. जितका उशीर, तितके त्याचे नुकसान. तो चौथा आला.

आता टायर. पिरेलीचा पूर्ण पावसाळी टायर ताशी ३०० किमी वेगात सेकंदाला ८५ लिटर पाणी बाजूला फेकतो, कमी ओल्या रस्त्यासाठीचा इंटरमीडिएट ३० लिटर. हा एका टायरचा हिशेब. म्हणजे न्हाणीघरातल्या चार-पाच बादल्या, गुणिले चार चाके, दर सेकंदाला! हे पाणी जाते मागच्याच्या तोंडावर. त्यात गाडीच्या तळाखालची हवा रस्त्यावरचे पाणी उपसून वर उडवते ते वेगळेच. जुलैत द्रुतगती मार्गावर कंटेनरच्या मागे सापडल्यावर वायपर कसे अपुरे पडतात ते आठवा. इथे तर वायपरच नाही, हेल्मेटच्या काचेवरची एकेक पातळ फिल्म ओढून फेकायची, एवढाच इलाज. त्यामुळे पूर्ण पावसाळी टायर लागावा इतके पाणी असते तेव्हा पुढचे काही दिसत नाही आणि दिसू लागते तोवर इंटरमीडिएट पुरतो. पावसाळी टायर बहुधा सेफ्टी कारच्या, म्हणजे धोका असताना सर्वांना संथ वेगात आपल्यामागे ठेवणाऱ्या गाडीच्या, मागेच झिजतो.

तीनच आठवडे आधी, ६ जुलैला सिल्व्हरस्टोनला फवाऱ्यात पुढची गाडी न दिसल्याने चालक इसाक हाजारची गाडी आंद्रेआ किमी अँटोनेलीच्या गाडीवर मागून आदळली होती. स्पाच्याच केमेल पट्ट्यावर १ जुलै २०२३ रोजी खालच्या श्रेणीच्या पावसाळी शर्यतीत १८ वर्षांचा चालक डिलानो व्हान्ट हॉफ अपघातात गेला. त्यामुळे ८० मिनिटे थांबण्याला माझी हरकत नाही.

हरकत आहे ती नंतरच्या चार फेऱ्यांना. थांबून झाल्यावर पुन्हा चार फेऱ्या सेफ्टी कारमागे कशासाठी? पाचव्या फेरीत मोकळीक मिळताच ऑस्कर पियास्त्रीने केमेलवर पहिल्या क्रमांकावरच्या लँडो नॉरिसला मागे टाकले. फवाऱ्यात असलेला दुसरा पहिल्याला गाठतो, म्हणजे दिसत होते. अकराव्या फेरीत तर पिटलेनमधून (टायर बदलायच्या बाजूच्या मार्गिकेतून), म्हणजे सर्वांच्या मागून, सुटलेला लुईस हॅमिल्टन कोरड्या रस्त्याचे गुळगुळीत टायर घ्यायला आत आला. तो सातवा आला. इंटरमीडिएटचे रबर मऊ असते. वाळलेल्या रेषेवर त्याच्या नक्षीतले ठोकळे तापून फाटू लागतात, मग चालक सरळ पट्ट्यावर मुद्दाम ओल्या कडेला गाडी नेऊन ते गार करतात. हे दृश्य दिसू लागले की सेफ्टी कारचे काम कधीच संपलेले असते. माझ्या मते दोन फेऱ्या पुरल्या असत्या.

चाकांवर झाकणे बसवून फवारा कमी करण्याचे प्रयोग २०२३ मध्ये सिल्व्हरस्टोनला आणि २०२४ मध्ये फिओरानोला झाले, पण समाधानकारक निकाल लागला नाही. तळाखालून उडणारे पाणी झाकणांनी अडत नाही, हे उघडच आहे.

एक विनंती. पावसाळी शर्यतीच्या बातमीत विजेत्याच्या नावासोबत कोण कितव्या फेरीत कोणता टायर घ्यायला आला तेही छापावे. विजेता पियास्त्री बाराव्या फेरीत मध्यम (कोरड्या रस्त्याच्या, मध्यम मऊ रबराच्या) टायरवर गेला. नॉरिसला तेराव्या फेरीपर्यंत बाहेर राहावे लागले आणि त्याने कठीण टायर घेतला. शेवटी दोघांत साडेतीन सेकंदही नव्हते.

आपला,
एक वाचक, पुणे