साने गुरुजी, आता लेकीसोबत

प्रिय मन्या,

फोनवर बोलणं अर्धवट राहिलं म्हणून लिहितोय. लेकीला रात्री 'श्यामची आई' वाचून दाखवतोय आणि मला श्यामपेक्षा ते लिहिणारा माणूसच जास्त दिसायला लागलाय. तेहतीस वर्षांचा, नाशिकच्या जेलमध्ये, आई १९१७ सालीच गेलेली, आणि फेब्रुवारी १९३३ मध्ये चार-पाच दिवसांत जवळजवळ अख्खं पुस्तक लिहून काढतो. किती साठलं असेल रे आत!

पोहायला जात नाही म्हणून आई श्यामला शिंपटीनं मारते ना, तिथे लेक एकदम म्हणाली, एवढं का मारलं? मला पटकन उत्तर देता येईना. मग तिला अंमळनेरचं सांगितलं. १९२४ ते १९३० गुरुजी तिथे प्रताप हायस्कूलमध्ये शिकवायचे आणि वसतिगृहही सांभाळायचे. पोरांनी पसारा केला तर ओरडणं नाही, स्वतःच खोल्या झाडायचे, अंथरुणं आवरायचे, मळके कपडे धुऊन टाकायचे, शेवटी पोरंच लाजून आपापलं करायला लागली. लग्न नाही, स्वतःचं मूल नाही, पण घरापासून लांब आलेल्या त्या पोरांचं आईपण त्यांनी केलं, आणि तेही न मारता. आईवर इतकं प्रेम असून तिची शिंपटी तेवढी त्यांनी उचलली नाही, हे मला पुस्तकाइतकंच मोठं वाटतं. घरात आवाज चढायला लागला की हल्ली हेच आठवतं.

शाळेत आपल्याला नुसते हळवे, रडणारे गुरुजी दाखवले यार. अरे, पंढरपूरचं मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात हा माणूस प्राणांतिक उपोषणाला बसला आणि मंदिर खुलं करायचं ठरेपर्यंत उठला नाही! लेकीला हे ऐकून जाम भारी वाटलं, कारण तिच्या डोक्यात रडणारी माणसं घाबरटच असतात.

आता अवघड भाग. ११ जून १९५० ला त्यांनी स्वतःच आयुष्य संपवलं, हे तिला कधी आणि कसं सांगायचं? वय फक्त पन्नास. पुतणी सुधाला लिहिलेली 'सुंदर पत्रे' काढून बसलो होतो, फुलं, पाखरं, पाऊस, देशोदेशीच्या गोष्टी, काय जीव लावून लिहिलंय त्या पोरीला, आणि ती याच शेवटच्या काळातली. म्हणजे आतून एवढं अंधारून आलेलं असतानाही पोरीपर्यंत उजेडच पोचवत होता माणूस. म्हणून कुणी 'हळवे होते, खचले' म्हणून एका वाक्यात उरकलं की मला राग येतो.

आत्ता विचारलं तर 'शेवटी ते फार दुःखी होते' एवढं सांगेन, आजारपणाची वगैरे खोटी गोष्ट रचणार नाही. थोडी मोठी झाली की सगळं सांगेन, आणि हेही की असं दुःख दाटलं तर आमच्याशी बोलायचं, कितीही रात्र झालेली असो.

तुझा लेक तर आता चौदाचा आहे. त्याला सांगितलंस का? काय म्हणाला ते नीट लिही, व्हॉट्सॲपवर दोन ओळी नकोत.

तुझा,
सुध्या