केबल काढली की कर्नल आडवा, आणि ताईचा तो प्रश्न

ताई,

थँक्यू म्हणायच्या आत "झोप आता" म्हणून फोन ठेवलास, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय, चिडू नकोस.

तीन दिवस त्या नेटवर्क ड्रायव्हरने (नेटवर्कचं हार्डवेअर चालवणाऱ्या कोडने) डोकं खाल्लं होतं. बोर्ड चालू, पिंग मस्त, आणि केबल काढली रे काढली की लिनक्स कर्नल (सिस्टिमचा गाभाच) आडवा. दर वेळी नल पॉइंटरचीच (रिकामा पत्ता वापरल्याची) बोंब पण अ‍ॅड्रेस वेगळा, मग मी म्हटलं मेमरीच करप्ट होतेय, कासान (मेमरीतल्या चुका पकडणारं टूल) लावलं, लॉकिंग तपासलं, बोर्डसुद्धा बदलून बघितला (हो, हसून घे).

तुला सिरियल कन्सोलचा लॉग पाठवला तेव्हा मागे कुकर वाजत होता. बॅकट्रेसकडे (कोसळताना कुठलं फंक्शन कुठून बोलावलं त्या यादीकडे) तू बघितलंच नाहीस. "हा अ‍ॅड्रेस हेक्समध्ये ३११, साध्या आकड्यात किती?" ७८५. "आणि वरच्या ओळीत आरएक्स किती छापलंय?" ७८५. मी गप्पच.

आरएक्स म्हणजे आलेली पॅकेट, आणि तो काउंटर माझाच ना! ती मोजायला आदल्या आठवड्यात घातलेला, ८ बाइटचा, आणि घातला कुठे तर स्ट्रक्टच्या (ड्रायव्हरची माहिती एकत्र ठेवणाऱ्या रचनेच्या) मधोमध, ऑफसेट ६४ वर, म्हणजे सुरुवातीपासून ६४ बाइट पुढे, कारण तिथे बरा दिसत होता. त्याने तिथला क्यूचा पॉइंटर (रांगेचा मेमरीतला पत्ता) ७२ वर ढकलला. माझ्या सी फायली नव्याने कंपाइल झाल्या, त्यांना हे माहीत. पण रीसेटचा कोड आम्हाला तयार ऑब्जेक्ट (आधीच कंपाइल केलेली फाइल) म्हणून आलेला, डॉट ओ शिप्ड, सोर्स नाही, केबिल्ड (कर्नल बांधणारी यंत्रणा) ती फाइल नुसती कॉपी करतं, त्यामुळे दहा वेळा मेक क्लीन करून सगळं नव्याने बांधलं तरी आतला ६४ तो ६४च. केबल निघाली की तो कोड ६४ वरून माझी पॅकेटची संख्या उचलायचा आणि तिलाच पत्ता समजून निघायचा. ऑब्जडंपमध्ये (ऑब्जेक्ट फाइल उलगडून दाखवणाऱ्या टूलमध्ये) बघितलं तर खरंच हेक्स ४०, म्हणजे ६४.

काउंटर आता स्ट्रक्टच्या शेवटी नेलाय (मेमरी आमचाच कोड अलोकेट करतो म्हणून चाललं) आणि तू म्हणालीस तसं बिल्ड बग ऑन टाकलंय, पॉइंटर ६४ वरून हलला तर कंपाइलच होणार नाही. काल रात्री केबल चाळीसेक वेळा काढली-घातली, शेवटी तिची क्लिप तुटली पण बोर्ड चालूच.

आणि हो, माझ्या नादात तुझ्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, वरणाचं काय झालं शेवटी?