द्रौपदीला विचारायचे राहून गेले

संपादक महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीतील मरणोत्तर जीवनावरच्या लेखात असे विधान आहे, की स्वर्गात माणूस तोच राहतो, फक्त त्याचे राग-द्वेष गळून पडतात. हे 'फक्त' मला पटले नाही.

आमचे हे गेले तेव्हा भेटायला आलेला जो तो म्हणे, "आता तिकडे शांत असतील." शांत! रिक्षावाल्याशी दोन रुपयांवरून वाद घालणारा, टीव्हीवरच्या बातम्यांना मोठ्याने उत्तरे देणारा, दुसऱ्यांच्या घरी जाऊन रिकाम्या खोलीतला पंखा बंद करून येणारा हा माणूस. हे सगळे वजा केले तर तिकडे जो कोणी शांत बसला असेल त्याला मी ओळखणार कशी?

मी हायस्कुलात संस्कृत शिकवत असे, म्हणून पुरावा महाभारतातला देते. अठरावे, शेवटचे स्वर्गारोहणपर्व फारसे कोणी वाचत नाही. पांडव हिमालयात गेले, वाटेत एकेक पडला, कुत्रा धर्म निघाला, इथेच आपली गोष्ट संपते. खरी गंमत पुढे आहे. युधिष्ठिर सदेह स्वर्गात पोचतो आणि पहिला दिसतो तो सिंहासनावर झळकणारा दुर्योधन. युधिष्ठिर संतापतो. नारद समजावतात, अरे, हा स्वर्ग, इथे वैर नसते. तो ऐकत नाही. माझे भाऊ कुठे आहेत, कर्ण कुठे आहे, द्रौपदी कुठे आहे? ते जिथे असतील तोच माझा स्वर्ग, याला मी स्वर्ग मानत नाही. मग त्याला नरकाच्या वाटेने नेतात. तिथल्या दुर्गंधीत भावांचे आवाज ऐकून तो देवांची आणि खुद्द धर्माचीही निंदा करतो आणि देवदूताला सांगतो, तू जा परत, मी इथेच राहणार. स्वर्गात नेलेल्या माणसाने स्वतःच्या मर्जीने नरक पत्करला. स्वतंत्र इच्छा म्हणतात ती आणखी वेगळी काय असते?

पण पुढे काय होते पाहा. ती देवांचीच माया होती, असे त्याला सांगतात आणि आकाशगंगेत स्नान करायला लावतात. एका बुडीत मानवी देह गेला, वैर गेले, शोक गेला. त्यानंतर त्याला द्रौपदी दिसते. तिला काहीतरी विचारावे असे त्याच्या एकदम मनात येते. तोच इंद्र मध्ये बोलतो, की ही श्री, म्हणजे लक्ष्मी आहे, तुमच्यासाठी मनुष्यलोकात आली होती. झाले, प्रश्न तिथेच राहिला. द्यूतात जिला पणाला लावली, वाटेत पडली तेव्हा जिच्याकडे वळूनही पाहिले नाही, तिला त्याला काय विचारायचे होते, हे व्यासांनी कुठेही सांगितलेले नाही. लेखक म्हणतात तो 'तोच माणूस' असता तर त्याने इंद्राला थांबवून विचारले असते.

ही कथा ऐकणारा राजा जनमेजय पुढे विचारतो, हे सगळे स्वर्गात राहिले किती काळ? उत्तर असे, की भीष्म वसू नावाच्या देवांमध्ये गेले, द्रोण बृहस्पतीत, कर्ण सूर्यात, विदुर आणि युधिष्ठिर धर्मात. म्हणजे जो ज्याचा अंश होता, तो त्याच्यात मिसळून गेला.

उलट बाजूही मला ठाऊक आहे. ज्याला पाप करणे शक्यच उरलेले नाही, तोच अधिक स्वतंत्र, असे ख्रिस्ती आचार्य संत ऑगस्टीन सोळाशे वर्षांपूर्वी म्हणून गेले. त्यात तथ्य आहे. आमच्या यांनी मुलीच्या लग्नाच्या वर्षी तंबाखू सोडली. आधी खिसे चाचपायचे, भांड्यांची आदळआपट करायचे. पुढे कोणी समोर बसून मळली तरी यांना इच्छाच होत नसे. म्हणून यांचे स्वातंत्र्य गेले, असे कोण म्हणेल? पण ती चिडचिड यांनी स्वतः सोसली होती (आणि थोडी मीही). कोणी झोपेत यांच्या डोक्यातून तंबाखू पुसून टाकली असती तर ती यांनी सोडली, असे म्हणता आले नसते. युधिष्ठिराच्या त्या बुडीबद्दल माझी तक्रार हीच आहे. दुर्योधनाला त्याने माफ केले नाही, त्याचा राग धुऊन निघाला.

लेखकांनी पुढच्या लेखासाठी वनपर्वातला मुद्गल जरूर वाचावा. कुरुक्षेत्रात शेतात सांडलेले दाणे वेचून जगणारा हा ऋषी. देवदूत विमान घेऊन दारात आला, तर याने आधी स्वर्गाचे गुण आणि दोष दोन्ही विचारून घेतले. तिथे केलेल्याचे फळ भोगायचे, नवे कर्म काही करता येत नाही आणि पुण्य संपले की खाली यायचे, असे कळल्यावर त्याने देवदूताला नमस्कार केला आणि विमान परत पाठवले.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, मिरज