पदावर असतानाच जाब हवा

सत्तेवरील नेत्याला जाब विचारायचा तर निवडणुकीपर्यंत थांबा, असे सांगितले जाते. पण दक्षिण कोरियाचे उदाहरण पाहा. तिथल्या अध्यक्षांनी ३ डिसेंबर २०२४ रोजी मार्शल लॉ (लष्करी अंमल) पुकारला. संसदेने काही तासांतच तो फेटाळला. ४ एप्रिल २०२५ रोजी घटना न्यायालयाने त्यांना पदच्युत केले. आपल्याकडे जून १९७५मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवड रद्द केली, तर देशावर आणीबाणी लादली गेली! वर पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेणारी ३९वी घटनादुरुस्ती. (सर्वोच्च न्यायालयाने तो भाग रद्द केला, हे आपले भाग्य.) मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर जानेवारी १९८२मध्ये मुख्यमंत्री अंतुले यांना पायउतार व्हावे लागले. मग पंतप्रधानांना वेगळा नियम का? ‘निवडणुकीपर्यंत थांबा’ हे उत्तर मला मुळीच मान्य नाही. मुंबईच्या सहाही खासदारांनी, पक्ष कोणताही असो, हा प्रश्न संसदेत मांडावा.

– एक वाचक, गिरगाव, मुंबई